बोटाला लागलेली ओळ

कागदात एकही चूक नव्हती. शाळेने दिलेला छापील कागद, वर ठसठशीत ‘माझं मन कसं आहे?’, खाली दहा प्रश्न, आणि तळाशी बारीक अक्षरात, खरं उत्तर लिहा, याला मार्क नाहीत. दहाही उत्तरं निळ्या शाईत, सरळ रेषेत. झोप नीट लागते का? लागते. वर्गात कुणी त्रास देतं का? नाही. आईने सहीसाठी पेन उघडलं. पोरीचं काही बिघडलेलं नाही हे लेखी मिळालं म्हणजे बरंच असतं.

“सही ठोक नि दे गं,” भांडी विसळता विसळता बाप म्हणाला. “कागद आहे तो, शर्ट नाही. किती बघशील?”

आई शर्टांच्या कारखान्यात तपासणीला होती. दिवसाला चारशे शर्ट तिच्या हाताखालून जायचे. सुटलेला टाका, लोंबता धागा, केसभर मोठी झालेली कॉलर; सापडलं की तिथे लाल कागदी बाण चिकटवायचा. तिच्या डोळ्याआधी बोटाला कळतं, असं सगळे म्हणत. त्या बाणांची एक गुंडाळी पर्समधून घरीही आली होती. पोरीच्या वहीतल्या वाकड्या अक्षराला बाण, नीट न विसळलेल्या पेल्याला बाण, घडी चुकलेल्या फ्रॉकला बाण. गंमत आहे गं, असं ती म्हणायची. एक दिवस माझ्या टकलावरही चिकटवशील, असं बाप म्हणायचा, आणि तिघंही हसायची.

सही करायला तिने कागद दाबून धरला, तसं बोट सवयीने ओळींवरून फिरलं आणि सातव्या प्रश्नाशी अडलं.

घरात भीती कधी वाटते? कधीच नाही.

शाई स्वच्छ होती. शाईखालचा कागद मात्र खरबरीत लागत होता. तिथे आधी पेन्सिलने काहीतरी लिहिलं होतं, चांगलं दाबून, आणि मग खोडलं होतं. पेन्सिल गेली होती, वळ राहिले होते. गडद कापड उजेडात धरतात तसा तिने कागद दिव्याखाली तिरका धरला.

‘संध्याकाळी सहा वाजता. जिन्यात आईची पावलं वाजतात तेव्हा.’

तिने पुन्हा वाचलं. एखादं अक्षर दुसरंच निघावं म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. निघालं नाही. पोरीचं अक्षर अलीकडे फारच सुवाच्य झालं होतं.

ही भीती तिच्या ओळखीची होती. कारखान्यात दिवस संपताना साहेब फेरी मारायचे, आणि नजरेतून सुटलेला एखादा शर्ट मिळाला की तो जिच्या हातून सुटला तिच्याच टेबलावर दोरीला टांगायचे. बोलायचे काही नाहीत. आज तिच्या टेबलावर एक लटकत होता. तीच भीती घेऊन आई जिना चढली होती, आणि दारातून आत आल्या आल्या, पाणी पिण्याआधी, तिने पेला उजेडात धरून बघितला होता.

पहिला विचार मनात आला तो शाळेतल्या बाईंचा. त्यांनी कागद असा तिरका धरला तर? पोरीला ‘कधीच नाही’ ही वरची ओळ आणखी जाड गिरवायला सांगावी का? आणि हा विचार आपल्याला सुचलाच कसा, याचीच तिला भीती वाटली.

“काय, सापडली का चूक?” बापाने विचारलं.

“नाही.”

“मग तोंड का उतरलंय?”

“अहो, मी यायच्या आधी ती काय करत असते?”

“कोण, म्हातारी?” वय वर्षं दहा आणि वागणं साठीचं, म्हणून तो पोरीला म्हातारी म्हणायचा. “करणार काय. पावणेसहा झाले की घर आवरते. मलाही उठवते. बाबा, उठा, चादर सरळ करायचीय.” तो हसला. “मीही उठतो बाबा मुकाट्याने. उगाच कशाला.”

हे बोलून झाल्यावर त्याला आपलंच बोलणं नव्याने ऐकू आल्यासारखं झालं. नळ तसाच वाहत राहिला.

तेवढ्यात पोर दप्तर घेऊन आतल्या खोलीतून आली, आणि दारातच थांबली. दिव्याखाली तिरका धरलेला कागद तिने पाहिला. आईचा अंगठा कुठल्या ओळीवर आहे तेही पाहिलं.

“चुकलं का?” ती म्हणाली. “मी दुसरा लिहिते. बाईंकडे जास्तीचे आहेत, उद्या लवकर जाऊन मागते. तू सही नको करूस यावर.”

नाही गं, चुकलं नाही, एवढंच आईला म्हणायचं होतं. तिने कागद खाली ठेवला, आवाज जमेल तितका मऊ केला.

“इकडे ये, बाळा. माझ्याजवळ ये.”

बाळा ऐकलं आणि पोरीचे खांदे वर गेले; आवाज चढण्याआधी आई नेहमी अशीच मऊ ‘बाळा’ म्हणायची. तिने बापाकडे पाहिलं. बापाने हातातल्या भांड्याकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. दप्तर कडेला ठेवून ती आधी शेजाऱ्यांच्या बाजूच्या खिडकीकडे गेली. आवाज न करता तिने खिडकीची दोन्ही दारं लावली, कडी घातली, ओढून बघितली. आणि मग आईसमोर येऊन उभी राहिली.