दुसरा हात

विद्यापीठाची ऑनलाइन तोंडी परीक्षा होती. साथीच्या आजारावरच्या प्रश्नांना ती घडाघडा उत्तरं देत होती. पण घरात बसूनही तोंडावर मास्क, नजर सारखी बाजूला आणि एक हात कॅमेऱ्याबाहेर. सरांना संशय आला.

"बाधित माणसाजवळ किती वेळ बसावं?"

"बसूच नये, सर. त्याला वेगळ्या खोलीत ठेवावं."

"बरोबर. आता तो दुसरा हात वर घे बघू. पुस्तक धरलंयस ना?"

तिचा हात काही वर येईना.

बाजूने खोकल्याची उबळ आली, मग घोगरा आवाज.

"पुस्तक नाही हो, सर. बाप आहे मी तिचा. सगळं तोंडपाठ आहे तिला. आता तुम्ही तरी सांगा, माझा हात सोड म्हणून."