दोन हाफ आणि एक खंबा

मॅनेजरनं बारच्या काउंटरवर सहा रिकाम्या बाटल्या मांडल्या. सगळ्यांची लेबलं सोललेली. एक गोल, एक चपटी, एक चौकोनी. कुणाची मान लांब, कुणाचं पोट सुटलेलं.

“मावशी, कुठल्या बाटलीत किती दारू मावते ते नुसतं बघून सांगायचं. एक जरी चुकली तरी मुकाट्यानं मागच्या हौदावर. पुन्हा काउंटरचं नाव काढायचं नाही.”

मावशींनी ओले हात पुसले. हॉटेलच्या मागच्या हौदावर अकरा वर्षं त्या बाटल्या धूत होत्या. बोटं कायमची सुरकुतली होती. जुना बारमन नोकरी सोडून गेला आणि त्याची जागा मावशींनी तोंड उघडून मागितली, तेव्हा सगळं हॉटेल हसलं होतं. आत्ताही आचारी आणि दोघे वेटर मजा बघायला येऊन उभे होते. हौदाच्या गार पाण्यात पुन्हा हात घालायची मावशींची मुळीच इच्छा नव्हती.

“ही नव्वद मिलीची. ही क्वार्टर, एकशे ऐंशी. ही गोल आणि ही चपटी, दोन्ही हाफ. पावणेचारशे. हा खंबा, साडेसातशे.”

मॅनेजरचा चेहरा उतरत चालला होता. उरली शेवटची. उंच, जाड बुडाची, ऐटबाज विलायती बाटली.

“ही सातशे.”

मॅनेजरनं टाळीच वाजवली. “संपलं! अहो, खंब्यापेक्षा चार बोटं उंच आहे ती, आणि म्हणे सातशे! चला, हौदावर.”

वेटर फिदीफिदी हसले. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

“उंचीवर माप ठरतं होय, साहेब? पाणी कमी यायचं तेव्हा मी एकाच पाण्यात चार बाटल्या विसळायचे. हिच्यातलं तिच्यात, तिच्यातलं हिच्यात. दोन हाफ खंब्यात बरोबर बसतात. या विलायतीत ओतल्या की माझा पाय भिजतो. अकरा वर्षं भिजतोय.”

“हातच्या कंकणाला आरसा कशाला? ओता की,” आचारी म्हणाला.

मावशींनी दोन्ही हाफ कोपऱ्यातल्या बेसिनच्या नळाखाली गळ्यापर्यंत भरल्या आणि खंब्यात रिकाम्या केल्या. खंबाही बरोबर गळ्यापर्यंत भरला. मग तो उचलून त्या विलायतीत ओतू लागल्या. मॅनेजर काउंटरला खेटून, डोळे बारीक करून बघत होता. बाटली तोंडापर्यंत भरली. खंब्यात अजून पाणी होतं.

“थांबा, थांबा!”

मावशी थांबल्या नाहीत. पाणी बाटलीवरून उतरलं, काउंटरवरून ओघळलं आणि मॅनेजरच्या चकाकत्या बुटांवर पडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता वेटर पुन्हा हसत होते, पण तोंडं मॅनेजरकडे होती.

मावशींनी काउंटरची फळी उचलली, आत गेल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. इथून सगळा बार दिसत होता. त्यांना फार फार बरं वाटलं. मग त्यांनी ती विलायती बाटली ओतून रिकामी केली आणि पुढे धरली.

“साहेब, बूट पुसायला मागं जाताय ना? ही तेवढी हौदावर ठेवा.”

मॅनेजरनं मुकाट्यानं हात पुढे केला.