वनमालाताईचे नखरे

छप्पन साली बाबांचं दफ्तर भोपाळला हलणार होतं, त्याच्या आत वनमालाताईचं लग्न उरकायचं होतं. जयेंद्रगंजातल्या घरी बघायला येणारा जो तो तिच्या अर्धमिटल्या डोळ्यांवर भाळायचा, आणि पोह्यांच्या बशा घेऊन मागे उभी असलेली धाकटी पद्मा जळून कोळसा व्हायची.

मग जिना चढताना ताईला धाप लागू लागली. क्षयाच्या धास्तीनं आई दोघींना घेऊन दवाखान्यात गेली, पण छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. "अशक्तपणा आहे, हिला रोज शेरभर दूध द्या," डॉक्टर शिवाजीराव म्हणाले. आता दूधही ताईलाच. पद्माला राहवलं नाही.

"सब नखरे हैं, डॉक्टरसाहेब. सकाळी हिचे डोळे चांगले टपोरे असतात. संध्याकाळी पाहुणे यायच्या वेळी बरोबर पापण्या खाली. डावी जरा जास्तच. महिनाभर रोज बघतेय मी."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी ताईला बाजूनं उभं करून दुसरा एक्स-रे काढला, आणि छातीच्या मधल्या हाडामागे लपलेली लिंबाएवढी गाठ त्यात दिसली.

"थायमस नावाच्या ग्रंथीची गाठ आहे, लाखात एखादीला होते. दिवस कलला की पापण्या खाली येतात त्या या गाठीमुळेच," ते आईला म्हणाले. "वेळेत कळलं. मुंबईला ऑपरेशन होईल."

आईनं भरल्या डोळ्यांनी पद्माला जवळ ओढलं. "किती गं जीव तुझा ताईवर."

"हो," पद्मा म्हणाली.

खोटं ती आधीही बोलली होती. लाज मात्र आजच वाटली.