शोची होडी

हर्षवर्धनने सजवलेल्या गाड्यांच्या शोसाठी आपली गाडी जमिनीलगत बुटकी करून घेतली, तिला चकचकीत जांभळा रंग दिला आणि मग तिच्या जोडीला तशीच जांभळी फायबरची होडी बनवून घेतली. चिंचोटीच्या एका शेडमध्ये वर्षभर काम चाललं. होडीला गाडीसारख्याच सीटा होत्या, तसेच स्पीकर होते. ऑटो शोमध्ये ती गाडीमागे ट्रेलरवर मिरवायची होती.

जुलैत, तो राहायचा त्या एव्हरशाईन सिटीत कमरेएवढं पाणी भरलं. गाडी त्याने आधीच पुलावर नेऊन ठेवली होती. होडी पार्किंगमध्ये ट्रेलरला बांधलेली होती, भिजू नये म्हणून वर ताडपत्री.

तळमजल्यावरच्या गंगारामकाकांच्या छातीत कळा येऊ लागल्या. रुग्णवाहिका नाक्याच्या पुढे येईना.

"होडी काढ," हर्षवर्धनची बायको मीरा म्हणाली.

"अगं, ती शोसाठी आहे. पाण्यात नाही घालायची."

मीराने त्याच्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरातली सुरी घेऊन ती जिना उतरली. दोर कापल्यावर होडी तरंगली. शेजाऱ्यांनी काकांना सीटवर निजवलं आणि सगळ्यांनी मिळून ती नाक्यापर्यंत ढकलत नेली. हर्षवर्धन बाल्कनीतून "सावकाश, रंग जाईल" म्हणत राहिला.

काका वाचले.

डिसेंबरच्या शोमध्ये होडीभोवती ही एवढी गर्दी जमली. ‘पुरातून माणूस वाचवणारी होडी’ असा फलक लावून हर्षवर्धन मुलाखती देत होता. आत गंगारामकाकांना बसवलं होतं.

"काका, हसू नका," कॅमेरा वळताना तो हळूच म्हणाला. "छातीवर हात ठेवा."