लातूर बघायला आलेला फैजान

या, टेका जरा, एक गंमत सांगतो. फैजान पाठीला सॅक लावून लातूर बघायला उतरला. गंजगोलाई, दर्गा अन् औशाचा किल्ला, समदं त्याला एका दिसात उरकायचं व्हतं. पर लातुरात क्लासच्या वक्ताला असं पोरगं सॅक घेऊन हिंडताना दिसलं, की लोकं समजतेत, हे अभ्यासाला भिऊन पळालंय. गोलाईत चहावाल्यानं त्याला बसवून समजावलं. दर्ग्यात मुजावरांनी तो पास व्हावा म्हणून दुवा मागितली. औशाच्या बशीत तर कंडक्टर शिवकांताबाई तिकीटच देईना.

"मावशी, मी फिरायला आलोय."

"हाव, समदे असंच म्हणतेत. आईचा नंबर सांग."

फोन लागला. ऐकता ऐकता बाई गालात हसली.

"तुझी अम्मी म्हणती, आज नांदेडात तुझा पेपर हाय."

फैजान मान खाली घालून उठला.

"बस खाली. पेपर तर बुडालाच, आता किल्ला तरी बघू द्या म्हणती."

तर बाबांनो, तुमच्या गावात असं कोणी उतरलं, तर त्याला आधी जेवू घाला, आईला फोन मग लावा.