शुक्रवारचं वाडगं

"शरीराचे पहारेकरी शेंगदाण्याला दुश्मन समजून तुमच्याच गळ्यावर तुटून पडतात," डॉक्टरांनी श्रीरंगरावांना बजावलं होतं. "दाण्याचा कणही नको. श्वास कोंडला तर हे इंजेक्शन मांडीत टोचा. शेजाऱ्यांना सांगून ठेवा." शेजारी म्हणजे समोरची वहिदा. गेल्या शुक्रवारी तिनं वाडग्यातून दिलेलं दाण्याच्या रश्श्यातलं बगारे बैंगन खाऊन गळा सुजला, तेव्हा ते एकटेच रिक्षानं या डॉक्टरांकडे गेले होते. आज पुन्हा बेल वाजली. "चाचा, बैंगन लाई. पिछले जुम्मे के कैसे थे?" खरं ओठांवर आलं, पण ते सांगितलं तर वाडगं बंद, नि वाडगं बंद झालं, की तिची बेलही बंद. "बोटं चाटत बसलो!" ती खुशीत घडीभर दारात बोलत राहिली. ती गेल्यावर त्यांनी रस्सा मोरीत ओतला, वाडगं घासलं. भांडं रिकामं परतवायचं नाही, म्हणून साखर भरली. समोरची बेल वाजवायला निमित्त मिळालं.