एका दिवसाचा परवाना

“ते हितं आलेच न्हाईत, एवढं लिहून द्या भाऊ,” सुभद्राबाई म्हणाली आणि तिनं पिशवीतला कोरा कागद काउंटरवर ठेवला. “खाली हाटेलाचा शिक्का मारा. इम्यावाला सायेब म्हणला, तेवढा कागद आणला तर इमा मिळंल. न्हाईतर पिऊन गाडीखाली आला म्हणून फाईल बंद.”

आश्रुबा मॅनेजरनं कागदाला हात लावला नाही. भर दुपार होती. मांजरसुंब्याच्या फाट्यावरच्या त्या परमिट रूममध्ये एकही गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्यावर मालक बबनराव पेपर वाचत होते, पण बाई आल्यापासून त्यांनी पान उलटलं नव्हतं.

आता खरं काय ते आश्रुबाला चांगलं ठाऊक होतं. तिचा नवरा, पालीचा त्रिंबक, या दारात कधीच आला नव्हता. पण कायदा असा, की इथं बसून प्यायची तर प्रत्येक पिणाऱ्याच्या नावानं परवाना फाडायचा, निदान एका दिवसाचा तरी. आणि पिणारा कधी आपलं नाव सांगतो होय? विचारलं तर उठून शेजारच्या ढाब्यावर जातो. मग नावं आणायची कुठून? आश्रुबा आधी सहकारी साखर कारखान्यात कारकून होता. पाऊस गेला, ऊस गेला, कारखान्याला कुलूप लागलं, आणि त्याच्या हाती राहिलं काय, तर ऊसतोडीच्या टोळ्यांची यादी. नाव, गाव, वय, सगळं त्याच्याच वळणदार अक्षरात. त्यातलीच नावं तो परवान्यावर टाकायचा. मेलेल्यांची टाकत नव्हता, ते पाप. गावात असलेल्यांची टाकत नव्हता, ते भांडायला येतील. टाकायची ती तोडीला गेलेल्यांची. पाच-सहा महिने ती माणसं जिल्ह्यातच नसतात, त्यांचं काय बिघडणार? चार वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्रिंबक तेवढा मधेच परत आला. याच फाट्यावर उतरला आणि रस्ता ओलांडताना ट्रकनं उडवला. विम्याचा माणूस चौकशीला आला, त्यानं रजिस्टर उघडलं, तर त्या तारखेला तिसरं नाव त्रिंबकचं.

“सहा साल झाले, सोडली व्हती त्यांनी,” सुभद्राबाई सांगत होती. “पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. चारा छावणीत जनावरापाशी म्हातारीला चक्कर आली म्हणून सांगावा आला. मी कोयता धरून फडातच राहिले, ते एकलेच निघाले. आईला बघायला निघालेला माणूस हितं कशाला बसंल?”

आश्रुबानं बबनरावांकडं पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्रिंबकच्या मयतीला स्वतः जाऊन आला होता. त्यांनी पेपरची घडी केली.

“आश्रुबा,” ते म्हणाले, “रजिस्टरात हाय ते हाय. मार्चमधी लायसन नवं करायचंय.”

पुढचं आश्रुबाला सांगावं लागत नव्हतं. एक नाव खोटं म्हटलं की चार वर्षांची सगळी नावं खोटी. लायसन जाणार, अकरा माणसं घरी बसणार, आणि अक्षर आश्रुबाचं, म्हणजे आधी आत जाणार तोच. या दुष्काळात फाट्यावर पाण्यावाचून चालणारा एवढा एकच धंदा राहिला होता.

तरी त्यानं पेन उचललं. टोपण काढलं. मग परत लावलं.

“आलते, बाई,” तो म्हणाला.

“तुमी पाहिलं?”

“पाहिलं.”

“घेतली त्यांनी?”

“घेतली.”

सुभद्राबाई कागदाकडं बघत राहिली. आता ही रडेल, शिव्या देईल, हिचा तळतळाट लागेल, असं आश्रुबाला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तसंच व्हावं असंही वाटलं. पण तिनं कागदाची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

“मग जेवले का काही?”

आश्रुबाला कळेना ती काय विचारते.

“पहाटंच निघालते हो फडातून. भाकर बांधून दिलती, ती गडबडीत पाचटाच्या कोपीतच राहिली. ते गेल्याचा फोन आला तवापासून तेच खातंय जिवाला, माणूस उपाशी गेला म्हणून.”

बबनराव उठून आत निघून गेले.

“जेवले,” आश्रुबा म्हणाला. “पिठलं-भाकर मागितली. पोटभर जेवले.”

“कुठं बसलते?”

त्यानं खिडकीजवळच्या टेबलाकडं बोट दाखवलं. ती तिथं गेली. बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. मग पदराचं टोक हातात घेतलं आणि रिकामं टेबल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुसून काढलं.

परत काउंटरपाशी आली, आणि आश्रुबा मागं सरायच्या आत त्याच्या पाया पडली.

“लई उपकार झाले भाऊ,” ती म्हणाली. “शेवटचा घास तुमच्या हातचा गेला त्यांच्या पोटात.”